सुट्टी लागते, मन मात्र शाळेतच

निकाल लागला, प्रगतिपुस्तकं वाटून झाली, हजेरीपट कपाटात गेला. तिसऱ्या दिवशी आईबरोबर गच्चीवर कुरडया घालायला बसले होते. सोऱ्या दाबता दाबता माझा हात थांबला. यंदा प्रकाशाचा धडा मुलांना कळलाच नाही, हे अचानक आठवलं. खोक्याला बारीक भोक पाडून समोरच्या पडद्यावर चित्र उमटवणारा सूचिछिद्र कॅमेरा वर्गात केला होता, पण पडद्यावर नुसता पांढुरका डाग दिसला. तेवढ्यात तास संपला आणि पुढचा धडा सुरू झाला. "अगं, चीक गार होतोय, दाब लवकर," आई म्हणाली.

बहुतेक शिक्षकांचा मे महिना असाच जातो. शाळेला कुलूप लागतं, डोक्यातली शाळा चालूच राहते. याची कारणं मानसशास्त्रात शंभर वर्षांपासून शोधली जात आहेत. 1927 मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी मांडलं की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं. नंतरच्या प्रयोगांत हे स्मरणाचं म्हणणं तितकं पक्कं ठरलं नाही. त्यांची सहकारी मारिया ओव्सियान्किना यांनी 1928 मध्ये नोंदवलेली गोष्ट मात्र टिकली: मध्येच तुटलेल्या कामाकडे माणूस आपोआप परत वळतो. शिक्षकाचं काम तर संपतच नाही. कुणाचा भागाकार कच्चा राहिलेला असतो, कुणाला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत.

मग हे मागे लागलेलं काम सोडवायचं कसं? ते लगेच पूर्ण करावं लागत नाही, ही मला यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट वाटते. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 च्या प्रयोगांत असं दिसलं, की अपुऱ्या कामाचा 'कधी, कुठे, कसं' असा नेमका बेत केला की ते काम हातातल्या दुसऱ्या कामात लुडबुड करायचं थांबतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांच्या झोपेचं मोजमाप झालं. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

टाचण काढायची सवय आपल्याला आहेच. तेच सुट्टीच्या पहिल्या दिवशी काढावं, पण धड्यांचं नव्हे, मनात राहून गेलेल्या गोष्टींचं. "प्रकाश: छिद्र मोठं झालं होतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी घरी पुन्हा करून पाहायचं." एवढं लिहून वही मिटायची आणि त्या तारखेपर्यंत उघडायची नाही.

मधला काळ खरोखर रिकामा ठेवावा. नेदरलँड्समध्ये जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सरासरी 23 दिवसांच्या रजेवर गेलेल्या 54 नोकरदारांचा अभ्यास केला. त्यांना सगळ्यात बरं वाटलं ते आठव्या दिवशी. म्हणजे थकवा दोन दिवसांत उतरत नाही. रोज तासभर नियोजन, तासभर आराम अशी खिचडी केली तर मन धड कुठेच रमत नाही. विसाव्याच्या अभ्यासक साबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये चार गोष्टी सांगितल्या: कामापासून मनानं दूर जाणं, निवांतपणा, नवं काही शिकणं किंवा जमवणं, आणि आपला वेळ आपल्या हाती असणं. शेवटच्या गोष्टीबद्दल मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. ऐन सुट्टीत अचानक प्रशिक्षणाचा किंवा सर्वेक्षणाचा आदेश येतो, तेव्हा दिवस दोनच जातात, पण बाकीची सुट्टीही आपली वाटेनाशी होते. तारखा आधी कळवल्या तरी पुष्कळ फरक पडेल.

तिसऱ्या आठवड्यात मी ते खोकं काढलं. वर्गात कंपासच्या टोकानं भोक पाडलं होतं. मोठ्या छिद्रातून वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश मोठा ठिपका होऊन पडद्यावर पडतो. ठिपके एकमेकांवर चढतात आणि चित्र विरघळतं. या वेळी चकचकीत कागदाला शिवणाच्या सुईनं छिद्र केलं, पडद्याला तेल लावलेला कागद घेतला, डोक्यावरून काळी चादर ओढली. समोरचा गुलमोहर लालभडक आणि उलटा उमटला. भाची चादरीत शिरली ती बाहेर यायलाच तयार होईना. ही तयारीच होती, पण थकवणारी नव्हती, कारण मी ती माझ्या मर्जीनं, माझ्या वेळेला करत होते.

शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनअखेर. पुढचं चित्र क्यूनेल आणि सोनेनटाग यांनी 2011 मध्ये 131 शिक्षकांच्या अभ्यासात दाखवलं. सुट्टीनंतर थकवा कमी झाला, कामातला उत्साह वाढला, पण महिन्याभरात हा सगळा लाभ ओसरला. कामाचा भार जास्त होता त्यांचा लवकर ओसरला. सुट्टीनंतरही मोकळ्या वेळात निवांतपणा सांभाळणाऱ्यांचा जास्त टिकला. त्यामुळे मे महिन्यातली तयारी जूनचं ओझं हलकं करेल इतकीच हवी: पहिल्या दोन आठवड्यांचे धडे, लागणारं साहित्य, नव्या वर्गात मुलांना बसवायची मांडणी. वर्षभराचं टाचण मेमध्येच उरकायचा हट्ट मी सोडला आहे, कारण वर्गातली मुलं पाहिल्यावर ते बदलावंच लागतं.

यंदा कालनिर्णयावर जुलैच्या चारही रविवारांपुढे मी निळ्या पेनानं 'घरी' असं लिहून ठेवलं आहे. आईनं विचारलं, "रविवारी घरीच असतेस ना?" मी म्हटलं, "नसते गं. वह्यांत असते."