जुन्या गाडीतला ‘अर्थ’: पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

सुरुवातीच्या मोटारींत वीज लागायची ती ठिणगीपुरती. दिवे कार्बाइडच्या गॅसवर नाहीतर रॉकेलवर जळत, इंजिन हँडल मारून सुरू होई, आणि मॅग्नेटो (इंजिनच्या फिरण्यावर ठिणगीची वीज स्वतःच बनवणारे यंत्र) असलेल्या गाडीचे बॅटरीवाचून अडत नसे. १९१२ मध्ये एका अमेरिकन गाडीत विजेचा सेल्फ आला. पुढच्या काही वर्षांत बॅटरी, तिला चार्ज करणारा डायनॅमो आणि डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच म्हणजे कटआउट, हे त्रिकूट सगळीकडे रुळले. आज जुन्या गाडीची वीज पुन्हा चालू करायची तर गाठ याच त्रिकुटाशी पडते.

‘अर्थ’ हा शब्द इथे पहिल्यांदा घोटाळा करतो. रबरी टायरवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी विजेचा संबंध नसतो. प्रत्येक दिव्याला दोन वायरी नेण्याऐवजी परतीची वाट म्हणून लोखंडी चेसिस वापरायचे, एवढाच त्याचा मतलब. बॅटरीचे कोणते टोक चेसिसला जोडायचे यावर मात्र उत्पादकांचे कधीच एकमत नव्हते. अमेरिकेतही दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालत. ब्रिटिश गाड्या १९३० च्या दशकाच्या मध्यापासून पॉझिटिव्ह अर्थकडे वळल्या आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा निगेटिव्हवर आल्या.

पॉझिटिव्हच्या बाजूने दोन कारणे दिली जात. ओल आली की पॉझिटिव्ह बाजूचा धातू झिजतो; ती बाजू भक्कम चेसिसकडे दिली, तर बारीक तांब्याच्या वायरी आणि टर्मिनल वाचतात. पुढे निगेटिव्ह अर्थच्या बाजूनेही गंजाचाच मुद्दा आला, या वेळी बॉडीचा पत्रा वाचवण्यासाठी. दुसरे कारण इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचे. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून प्लगचे मधले तापलेले टोक निगेटिव्ह असेल तर ठिणगीला कमी व्होल्टेज पुरते. हे खरे आहे, पण कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) दोन बारीक वायरींची अदलाबदल केली की हा फायदा कोणत्याही अर्थवर मिळतो. त्यामुळे या कारणाला फार वजन देता येत नाही.

वादाचा निकाल ना गंजाने लावला ना प्लगने. तो ट्रान्झिस्टर आणि सिलिकॉन डायोडने लावला. १९६० च्या सुमारास डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर गाड्यांत येऊ लागला. त्यातल्या, वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडला उलटी बॅटरी क्षणभरही सोसत नाही. त्यानंतरचा रेडिओ, इलेक्ट्रॉनिक इग्निशन हे सगळे निगेटिव्ह अर्थ गृहीत धरूनच बनू लागले. म्हणूनच आज अनेक मालक जुनी गाडी सरसकट निगेटिव्हवर फिरवतात. माझ्या मते हे बहुतेकदा अनावश्यक आहे. दिवे, हॉर्न, गुंडाळीच्या फील्डचा सेल्फ यांना दिशेशी देणेघेणे नसते, आणि मूळ पद्धत शाबूत असलेली गाडी पुढच्या माणसाला मूळ आकृतीवरून दुरुस्त करता येते.

व्होल्टेजचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. बऱ्याच गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. अमेरिकन कारखाने १९५० च्या दशकाच्या मध्यात मोठ्या संख्येने १२ वर गेले. ३६ वॉटचा दिवा ६ व्होल्टवर ६ अँपिअर ओढतो, १२ वर ३. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीत वायर जाड लागते आणि प्रत्येक सांधा चकचकीत लागतो. ‘सहा व्होल्टचे दिवे मिणमिणतेच असायचे’ असे जे म्हटले जाते, त्यामागे पुष्कळदा रंगाखाली दबलेला एखादा अर्थचा नट असतो, नाहीतर नंतर कोणीतरी घातलेली बारीक वायर. वायरीवरचे जुने आवरण रबराचे आणि त्यावर सुती वीण असे. रबर वाळून तडकते, पण वीण वरून धडधाकट दिसत राहते. त्यात अनेक गाड्यांत सगळ्या वायरिंगला मिळून दोनच फ्यूज. अशा गाडीला थेट बॅटरी लावणे म्हणजे आगीला निमंत्रण.

अलीकडे खरा गोंधळ निराळाच आहे. मधल्या मालकाने अर्थ फिरवलेला असतो आणि त्याची कुठेही नोंद नसते. कधी चेसिसची पट्टी एक सांगते आणि डायनॅमो दुसरे. डायनॅमोची दिशा त्याच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर ठरते, त्यामुळे बॅटरी उलटवली तरी तो जुन्याच दिशेने वीज देत राहतो. त्याच्या वायरी सोडवून, बॅटरीच्या चेसिसला न जोडलेल्या टोकाचा डायनॅमोच्या फील्ड टर्मिनलला (चुंबकाच्या गुंडाळीच्या टोकाला) क्षणभर स्पर्श दिला की चुंबकत्व फिरते. हे राहून गेले तर कटआउटच्या पॉइंटवर बॅटरी आणि डायनॅमो यांच्या व्होल्टेजची बेरीज येते. पॉइंट जळतात किंवा चिकटून बसतात, आणि मग इंजिन बंद केले तरी बॅटरी डायनॅमोतून रिकामी होत राहते.