क्वांटम बिंदूंचे शरीरातील विघटन

क्वांटम बिंदूंचे शरीरातील विघटन : अर्धसंवाहक पदार्थाचे साधारण २ ते १० नॅनोमीटर आकाराचे स्फटिककण शरीरात गेल्यावर त्यांचे बाह्य आवरण, कवच आणि गाभा टप्प्याटप्प्याने झिजून त्यांतील मूलद्रव्ये मोकळी होण्याची प्रक्रिया. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कॅडमियम सेलेनाइडचा गाभा आणि झिंक सल्फाइडचे कवच असलेल्या बिंदूंचा विचार केला आहे, कारण प्राण्यांवरील बहुतेक अभ्यास याच प्रकारावर झाले आहेत. बिंदूंचे रंग, पडद्यांमधील वापर इत्यादी माहिती येथे गृहीत धरली आहे.

पूर्वपीठिका : बिंदूंच्या शोधाचे श्रेय कोणाकडे, याबद्दल दोन मते आढळतात. अलेक्सी एकिमॉव्ह यांनी सोव्हिएत संघात काचेत अडकलेल्या कॉपर क्लोराइडच्या कणांवर केलेले काम १९८१ च्या सुमाराचे आहे. लुई ब्रुस यांचे द्रवात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइड कणांवरील काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पना नव्हती, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. कालक्रमाने एकिमॉव्ह आधीचे ठरतात. परंतु शरीरात जाऊ शकणारे कण हे द्रवातल्या कणांचेच वंशज असल्यामुळे या नोंदीच्या विषयाचा उगम ब्रुस यांच्या कामात शोधणे अधिक सयुक्तिक होय. १९९३ मध्ये मोंगी बावेंडी आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या आकाराचे कण तयार करण्याची रीत दिली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत पेशींना खुणा करण्यासाठी बिंदू वापरता येतात हे १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले आणि त्यानंतर काही वर्षांतच, हे कण शरीरात टिकतात की फुटतात, हा प्रश्न पुढे आला.

विघटनाचा क्रम : रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर बसतो. असा कण यकृत आणि प्लीहेतील महाभक्षी पेशी ओळखतात व गिळतात. पेशीच्या आत तो लायसोसोम नावाच्या पिशवीत पोहोचतो. तेथील सामू ४.५ ते ५ च्या दरम्यान असतो. कण पाण्यात मिसळावा म्हणून त्यावर बसवलेले गंधकयुक्त रेणू या आम्लात सुटू लागतात किंवा त्यांचे ऑक्सिडीकरण होते. आवरण गेले की कण एकमेकांना चिकटतात आणि कवच उघडे पडते.

झिंक सल्फाइडचे कवच अभेद्य नसते. कॅडमियम सेलेनाइड आणि झिंक सल्फाइड यांच्या स्फटिकजालांच्या मापांत सुमारे १२ टक्क्यांचा फरक आहे. त्यामुळे जाड कवचात ताण साठतो आणि बारीक भेगा राहतात. या भेगांतून ऑक्सिडीकारक रेणू गाभ्यापर्यंत जातात. गाभ्याच्या पृष्ठभागावरील सेलेनियमचे ऑक्सिडीकरण होते, त्याचा कॅडमियमशी असलेला बंध तुटतो आणि विषारी कॅडमियम आयन बाहेर पडतो. ५ नॅनोमीटर व्यासाच्या गाभ्यात जेमतेम २,००० ते २,५०० अणू असतात, ३ नॅनोमीटरच्या गाभ्यात सुमारे ५००. त्यांतले बरेचसे पृष्ठभागावर किंवा त्याच्या लगत असतात. म्हणून इतक्या लहान कणात वरचा थर झिजणे म्हणजे कणाचा मोठा भागच जाणे होय.

संगीता भाटिया यांच्या गटाने २००४ मध्ये यकृतपेशींवर दाखवून दिले, की हवा किंवा अतिनील किरण लागलेल्या बिंदूंतून कॅडमियम सुटते व पेशी मरतात, आणि कवच चढवल्यास हा परिणाम कमी होतो. शूमिंग नी यांच्या गटाने २००८ मध्ये हायपोक्लोरस अम्लाची भूमिका पुढे आणली. जंतू मारण्यासाठी पांढऱ्या पेशी हेच अम्ल तयार करतात आणि ते बहुवारिकाचे (पॉलिमरचे) आवरण ओलांडून गाभ्याला खाते. शरीराचे स्वतःचे संरक्षक शस्त्रच येथे विघटनाचे साधन बनते. लायसोसोममधील आम्लता की पांढऱ्या पेशींचे ऑक्सिडीकारक रेणू, यांपैकी मुख्य कारण कोणते याबद्दल मतभेद आहेत. नुसती आम्लता आवरण काढू शकते, पण सेलेनियमचे ऑक्सिडीकरण तिच्याने होत नाही, हे लक्षात घेतल्यास दुसऱ्या मताकडे पारडे झुकते.

सुटलेले कॅडमियम मेटॅलोथायोनीन या छोट्या प्रथिनाला बांधले जाते. मार्गोशेस आणि व्हॅली यांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून १९५७ मध्ये वेगळे केलेल्या या प्रथिनात सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो अम्लाचे २० घटक असून त्याचा एक रेणू द्विसंयुजी धातूचे सात आयन धरतो. यकृतातून हे संयुग हळूहळू मूत्रपिंडात जाते आणि तेथे कॅडमियम दशकानुदशके राहते. माणसातील त्याचा जैविक अर्धायुकाल १० ते ३० वर्षे मानला जातो. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात कॅडमियममुळे झालेला ‘इताई-इताई’ हा हाडांचा आजार सर्वपरिचित आहे. तो खाणीच्या सांडपाण्यातल्या धातूने झाला, बिंदूंनी नव्हे. तरी बिंदूंतून सुटलेले कॅडमियमही शेवटी जमते त्याच अवयवात, म्हणजे मूत्रपिंडात.

मूत्रावाटे बाहेर पडण्याची वाट फार अरुंद आहे. आवरणासह ५.५ नॅनोमीटरपेक्षा कमी व्यासाचे कण मूत्रपिंडातून लवकर निघून जातात, हे २००७ मध्ये उंदरांवर सिद्ध झाले. वैद्यकीय उपयोगासाठी तयार केलेले बहुतेक बिंदू आवरण धरून याहून मोठे भरतात.

मापनाचा प्रश्न : या विषयातील खरा वाद विघटन होते की नाही हा नसून, झालेले विघटन कशावरून ओळखायचे हा आहे. उंदरांत दोन वर्षांनंतरही बिंदूंची दीप्ती (प्रकाश पाडल्यावर त्यांनी परत दिलेला रंगीत प्रकाश) दिसल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र तिचा रंग निळ्याकडे सरकला होता. कण लहान झाला की दीप्ती निळ्याकडे जाते, म्हणून हा झिजेचा पुरावा मानला गेला. चिनी व अमेरिकी संशोधकांनी ऱ्हीसस माकडांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० दिवसांत विषबाधेची लक्षणे आढळली नाहीत, पण दिलेले बहुतांश कॅडमियम यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडातच होते. काहींनी याचा अर्थ बिंदू अभंग राहिले असा घेतला, तर काहींनी विषबाधा केवळ पुढे ढकलली गेली असा.

दोन्ही अर्थ त्या आकड्यांच्या पलीकडे जातात. अवयवातील धातू मोजण्याच्या रूढ पद्धतीत ऊतक आधी नायट्रिक अम्लात विरघळवतात आणि मग प्लाझ्मा-वस्तुमानमापकाने धातूचे अणू मोजतात. अभंग बिंदूतील कॅडमियम आणि प्रथिनाला बांधलेले कॅडमियम अम्लात एकच होऊन जाते. ज्याचा शोध घ्यायचा तो भेद तयारीतच पुसला जातो. उलट, दीप्ती नाहीशी झाली म्हणजे कण विरघळला असेही नाही. पृष्ठभागावर एखादा दोष आला तरी कण प्रकाश देणे थांबवतो आणि गाभा जागेवरच राहतो. तेव्हा एकूण धातू व दीप्ती यांवर उभारलेले ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ असे दोन्ही निर्वाळे अपुऱ्या पुराव्यावरचे होत, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे.

अणू कोणत्या रूपात आहे हे क्ष-किरण शोषण वर्णपटावरून कळते. प्रत्येक मूलद्रव्य ठराविक ऊर्जेला क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागते. या शोषण-कडेची नेमकी जागा अणूच्या ऑक्सिडीकरण-अवस्थेनुसार काही इलेक्ट्रॉन व्होल्टांनी सरकते आणि कडेपलीकडच्या लहरींवरून शेजारच्या अणूंची अंतरे काढता येतात. कॅडमियम-सेलेनियम बंध सुमारे २.६३ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = ०.१ नॅनोमीटर), कॅडमियम-गंधक बंध सुमारे २.५२ अँगस्ट्रॉम, सेलेनियम बंध तुटल्याचे यावरून स्पष्ट दिसते. अडचण गंधकाच्या बंधांची आहे. कॅडमियम सल्फाइडचा मधला थर असलेल्या बिंदूतील बंध आणि मेटॅलोथायोनीनमधील बंध यांची लांबी जवळजवळ सारखीच असते. झिंकचेही तसेच, कवचात काय किंवा प्रथिनात काय, झिंक-गंधक अंतर सुमारे २.३४ अँगस्ट्रॉमच भरते. फरक शोधायचा तो दुसऱ्या शेजारवर्तुळात, कारण स्फटिकात पुढचे धातू-अणू ठराविक अंतरावर रांगेने असतात आणि प्रथिनात तशी रचना नसते. अत्यंत लहान कणात हे वर्तुळही अपुरे असते, हे विसरून चालत नाही.

इंदूरमधील सुविधा : भारतात अशी मापने करण्याची सोय इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. १९८४ मध्ये होळकरकालीन सुखनिवास परिसरात पायाभरणी झालेल्या या संस्थेचे नाव २००५ मध्ये बदलले. इंदूरकर मराठी घरांत ती अजूनही ‘कॅट’च (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी या जुन्या नावाचे लघुरूप) आहे. होळकर महाविद्यालयात किंवा अहिल्या विद्यापीठात विज्ञान शिकणाऱ्या मराठी मुलांना तिची ओळख बहुधा इंडस-१ आणि इंडस-२ या सिंक्रोट्रॉनांमुळे (वलयात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून तीव्र किरण मिळवणाऱ्या यंत्रांमुळे) होते. इंडस-२ चे इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे असून वलयाचा परीघ सुमारे १७२.५ मीटर आहे.

त्यावरील क्रमवीक्षण एक्झॅफ्स (शोषण-कडेपलीकडच्या लहरी मोजणारा) किरणमार्ग ४ ते २५ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट या पट्ट्यात चालतो. कॅडमियमची के-कडा (सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांची शोषण-कडा) २६.७१ वर आणि एल-३ कडा (त्यांच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची) ३.५४ वर, म्हणजे दोन्ही या पट्ट्याच्या बाहेर पडतात. झिंकची के-कडा (९.६६) आणि सेलेनियमची (१२.६६) मात्र आरामात आत येतात. झिंक माणसाच्या शरीरात मुळातच दोन-तीन ग्रॅम असते, त्यामुळे कवचातून आलेले झिंक वेगळे काढणे कठीण. उरते सेलेनियम. गाभ्यातून कॅडमियम सुटण्याआधी त्याच्या शेजारच्या सेलेनियमचे ऑक्सिडीकरण व्हावे लागत असल्याने, सेलेनाइड किती उरले आणि ऑक्सिजनशी सुमारे १.७ अँगस्ट्रॉमचा बंध असलेले सेलेनाइट किती झाले, हे गुणोत्तर विघटनाचा थेट हिशेब देऊ शकते. कॅडमियमवर रोखलेल्या चर्चेत सेलेनियमची ही साक्ष दुर्लक्षित राहिली आहे. इंदूरच्या किरणमार्गासाठी हा विषय साजेसा आहे आणि तो येथे हाती घेतला जावा, असे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

इतर प्रकार : सिलिकॉनचे बिंदू पाण्यात हळूहळू ऑर्थोसिलिसिक अम्लात बदलतात व मूत्रावाटे जातात. ग्राफीनचे बिंदू न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतील मायलोपरॉक्सिडेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने मोडते. कॅडमियमला पर्याय म्हणून पुढे आलेल्या इंडियम फॉस्फाइडच्या बिंदूंबाबतचे अभ्यास थोडे असून त्यांतही लक्ष मुख्यतः एकूण इंडियमच्या मोजणीवरच आहे.