पंप पाणी ओढत नाही? मोटर सोडवून आणण्याआधी हे वाचा

एप्रिल उजाडला की मिरगापर्यंत आमच्या दुकानात रोज कोणीतरी स्कूटरच्या पायाशी मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला पंप, ठेवून येतं आणि सांगतं, "मोटर गेली. फिरते, पण पाणी येत नाही." आम्ही ती बाकावर घेतो, टबात पाईप सोडून चालू करतो आणि ती भरभरून पाणी फेकते. मोटरला काहीच झालेलं नसतं. दोष घरी, विहिरीतच राहिलेला असतो. मग ती मोटर परत न्यायची, पुन्हा बसवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायचा. तुमचा दिवस जातो, आमचाही जातो. म्हणून हे पत्रक.

मोटर नेहमीच्या आवाजात फिरत असेल, वास येत नसेल, एमसीबी पडत नसेल, तर बहुतेक वेळा वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, ठीकच असतं. ती सोडवू नका. आधी फूट व्हॉल्व्ह बघा.

पंपाच्या पोटातला इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, पाणी फेकू शकतो, हवा नाही. विहिरीतल्या पाण्यापासून पंपापर्यंतचा पाईप पाण्याने गच्च भरलेला असेल तरच तो काम करतो. हे पाणी रात्रभर पाईपमध्ये धरून ठेवायचं काम पाईपच्या खालच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हचं. त्याची झडप गळायला लागली की रात्रीतून पाईप रिकामा होतो आणि सकाळी पंप नुसताच फिरतो. सेल्फ प्रायमिंग पंप असला तरी त्याच्याही पोटात पाणी लागतंच.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. एमसीबी खाली करा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पंपावरचा प्रायमिंगचा, म्हणजे पाणी भरायचा, बूच काढा आणि तांब्याने सावकाश पाणी ओता. बुडबुडे यायचे थांबून पाणी तोंडाशी आलं की हात थांबवा आणि बघत राहा. पाणी पाच मिनिटं तिथेच उभं राहिलं तर फूट व्हॉल्व्ह आणि पाईप दोन्ही धड आहेत. ते खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे. आता पाईपवर सुकं फडकं फिरवा. एखादा जोड ओला लागला तर दोष तिथे. सगळे जोड सुके आणि पाणी तरी उतरतंय, तर दोष फूट व्हॉल्व्हचा.

गेल्या वैशाखात कवळ्याहून एक गृहस्थ तिसऱ्यांदा तीच मोटर घेऊन आले. कोणीतरी त्यांना रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायला, सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, मोटर राहू द्या, फूट व्हॉल्व्ह काढून आणा. झडप उघडली तर रबराखाली चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, एक खडा अडकलेला, तुरीच्या डाळीएवढा. तो काढला, रबर पुसलं, काम झालं. आपल्या विहिरी चिऱ्याच्या. पाणी खाली गेलं की गाळ आणि बारीक खडा ढवळून वर येतो. म्हणून फूट व्हॉल्व्ह तळाला टेकवू नका, हातभर वर ठेवा. खालची जाळी फुटली असेल तर तशीच चालवू नका.

जोड ओला दिसला तर आट्यांवर नवीन टेफलॉन टेप लावा. आटे तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे. उलटा गुंडाळला तर कसताना टेप गोळा होऊन बाहेर येते. असा जोड पंप चालू असताना गळत नाही, उलट हवा आत ओढतो. म्हणून तो डोळ्यांना सापडत नाही आणि लोक मोटरला दोष देतात.

दुसरी नेहमीची मागणी: "अर्ध्या एचपीने होत नाही, एक एचपी द्या." आम्ही लगेच काढून देत नाही आणि काहींना राग येतो. पण विहिरीतलं पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब, आणि समुद्रसपाटीला तो फार तर १०.३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूट पाणी पेलतो. प्रत्यक्षात २२ ते २५ फुटांच्या पलीकडे वर बसवलेला साधा पंप पाणी उचलत नाही, मग तो अर्ध्या एचपीचा असो की दोनचा. मे महिन्यात पाणी त्याच्या खाली गेलं तर पंप खाली तरी उतरवायला हवा, नाहीतर जेट किंवा सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप घ्यायला हवा. दोरीला दगड बांधून पंपापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून आणा. तो एक आकडा मिळाला की चुकीचा पंप तुमच्या गळ्यात पडणार नाही. आणि विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलेला पंप मिरगाआधी आठवणीने वर घ्या. पहिल्या मोठ्या पावसात पाणी एका रात्रीत चढतं आणि मोटर बुडते. ती मात्र खरोखरच गेलेली असते.

पाणी येत नसताना "जरा चालू ठेवून बघूया" असं करू नका. शाफ्टवरचं मेकॅनिकल सील कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन चकत्यांचं असतं, आणि ते थंड राहतं ते पाण्यानेच. कोरडं फिरलं की तापून तडकतं, मग तिथून झिरपलेलं पाणी बेअरिंगमध्ये, पुढे वाइंडिंगमध्ये. गळक्या झडपेपासून जळक्या मोटरपर्यंतचा रस्ता असा आहे.

मोटर घुं घुं करते आणि फिरत नाही, तर ताबडतोब बंद करा. कपॅसिटर गेला असेल किंवा इम्पेलर गंजून धरला असेल. एमसीबी खाली करून मागची जाळी काढा आणि पंखा हाताने फिरवून बघा. घट्ट असेल तर हळूहळू मोकळा होतो. ठोकू नका. कपॅसिटरला हात लावू नका, लाइट बंद केल्यावरही त्यात करंट साठलेला असतो.

एवढं करूनही मोटर आणावी लागली तर खुशाल आणा. पण तारा सोडण्याआधी टर्मिनलचा मोबाईलवर फोटो काढा. सिंगल फेजमध्ये स्टार्टिंगच्या तारा उलट लागल्या, किंवा कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, थ्री फेज पंपाच्या दोन तारा बदलल्या, तर मोटर उलटी फिरते आणि पाणी करंगळीएवढं येतं. उघडलेली मोटर पिशवीतून आणू नका. नटबोल्ट शोधण्यातच आमचा तास जातो.

मोटर धड निघाली तरी तपासणीचे पैसे आम्ही घेतो. मेगर नावाच्या मीटरने तारांचं इन्सुलेशन तपासणं, करंट मोजणं, पाण्यावर चालवून बघणं हे काम आहे, आणि ते केल्याशिवाय "ठीक आहे" म्हणायला आम्ही तयार नाही. दुरुस्ती केली तर ते पैसे बिलातून वजा होतात. बदललेला सुटा भाग तुमच्या हातात देतो. नुसता फूट व्हॉल्व्ह साफ करायचा असेल तर काउंटरवर उभ्या उभ्या करून देतो. नवा हवा असेल तर पितळेचा घ्या असं आमचं मत. महाग पडतो, पण त्याचं रबर बदलता येतं.

ओपाच्या सरकारी पाणीपुरवठ्याचं पाणी नळाला आहे म्हणून विहिरीचा पंप वर्षभर बंद असणारी घरं बरीच आहेत. गणेश चवथीला मुंबई-पुण्याहून माणसं घरी येतात, टाकी भरायला जातात आणि पंप जाम. चवथीआधीच्या आठवड्यात आमच्याकडे बाकावर जागा नसते. पंधरा दिवस आधी एकदा चालवून बघा, आणि काही अडलं तर तेव्हाच या. येताना फूट व्हॉल्व्ह बरोबर असू द्या.