टंगस्टनची स्पंदित क्ष-किरण कसोटी

टंगस्टनच्या किंवा त्याच्या मिश्रधातूच्या पृष्ठभागावर तीव्र क्ष-किरणांचे अतिशय अल्पकालीन स्पंद सोडून तो वितळणे, झिजणे व तडकणे यांना कितपत दाद देतो हे ठरविण्याची पद्धत. स्पंदाचा काळ बहुधा नॅनोसेकंदांत मोजतात. जडत्वीय परिरोधनावर (इंधन क्षणार्धात दाबून अणुकेंद्रांचे संलयन घडविण्यावर) चालणाऱ्या संलयन भट्टीची आतील भिंत आणि झेड-पिंच यंत्रांचे (प्रचंड विद्युत् प्रवाहाच्या चुंबकीय दाबाने पदार्थ आकसविणाऱ्या यंत्रांचे) गाभ्याजवळचे भाग यांसाठी ही कसोटी विशेष महत्त्वाची आहे.

उगम : कसोटीचा आरंभ कोठे मानावा यावर एकमत नाही. काही लेखक तो क्ष-किरण नळीच्या धनाग्राच्या अभ्यासात शोधतात. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम कूलिज यांनी तन्य (न तुटता ताणता येणारे) टंगस्टन मिळविल्यावर 1913 मध्ये त्यांची नळी आली. फिरत्या धनाग्राची नळी 1929 च्या सुमारास बाजारात आली. धनाग्राच्या ज्या पट्ट्यावर इलेक्ट्रॉन आदळतात त्यावर पडणाऱ्या सूक्ष्म तड्यांची माहिती या परंपरेतूनच मिळाली. दुसरे मत क्षणदीप्त (अत्यल्प काळ तीव्र क्ष-किरण देणाऱ्या) क्ष-किरण नळीचे. ती 1938 मध्ये जर्मनीत श्टेनबेक आणि अमेरिकेत किंग्डन व टॅनिस यांनी स्वतंत्रपणे तयार केली असे सामान्यतः सांगितले जाते. मात्र या दोन्ही प्रकारांत धातूवर इलेक्ट्रॉन आदळतात आणि क्ष-किरण धातूतून बाहेर पडतात. कसोटीत नेमके याच्या उलट घडते. तिसरे मत शीतयुद्धकालीन संशोधनाकडे बोट दाखवते. वातावरणाबाहेरील अणुस्फोटाची बरीचशी ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडत असल्याने पदार्थांवरील त्यांच्या परिणामांचा अभ्यास तेव्हा सुरू झाला. प्रकाशित साहित्य तुटपुंजे असले, तरी धातूला ‘लक्ष्य’ मानण्याची कल्पना येथे प्रथम स्पष्ट दिसते, म्हणून हेच मत अधिक ग्राह्य वाटते. टंगस्टनवर पुनःपुन्हा स्पंद सोडण्याची आजची रीत मात्र साधारण 2000 नंतर, लेझर-संलयन भट्टीच्या भिंतीच्या संशोधनातून रुळली. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या ‘झॅपर’ यंत्रात झेनॉन पिंचमधील अल्प ऊर्जेचे क्ष-किरण सेकंदाला सुमारे 10 वेळा नमुन्यावर सोडत असत. अमेरिकेतीलच सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात तर टंगस्टनच्या तारांचेच आकुंचन घडवून सुमारे 2 मेगाज्यूल क्ष-किरण मिळविले गेले. तेथे हा धातू उद्गमही ठरला आणि नमुनाही.

कार्यकारण : टंगस्टनचा वितळबिंदू सुमारे 3,422° से. असून तो सर्व धातूंत उच्चतम आहे. सामान्य ग्रंथ येथेच थांबतात. कसोटीचा निकाल मात्र ऊर्जा किती खोलीत शोषली जाते यावर अधिक अवलंबून असतो. 1 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे क्ष-किरण टंगस्टनमध्ये सुमारे 0.14 मायक्रोमीटर जाताच 1/ई इतके (सुमारे 37 टक्के) उरतात. 10 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला हीच खोली 5 मायक्रोमीटरच्या आसपास, तर 100 ला 0.1 मिलिमीटरहून थोडी अधिक भरते. उष्णता 10 नॅनोसेकंदांत जेमतेम 0.8 मायक्रोमीटर पसरते. म्हणजे मृदू (अल्प ऊर्जेच्या) क्ष-किरणांची ऊर्जा त्या काळात कातडीतच अडकते. दर चौ. सेंमी. 1 ज्यूल ऊर्जा 1 मायक्रोमीटर जाडीत साठली, तर स्थिर विशिष्ट उष्णता धरून आणि वहन सोडून तापमानवाढ 3,900 अंशांच्या घरात निघते. प्रत्यक्षात विशिष्ट उष्णता तापमानाबरोबर वाढते, वितळण्यात ऊर्जा खर्च होते आणि काही उष्णता आत झिरपते. त्यामुळे हा आकडा वरच्या मर्यादेचा समजावा.

पृष्ठभाग न वितळताही बिघडतो. तापताना वरचा थर फुगू पाहतो, खालचा थंड धातू त्याला रोखतो आणि दर अंशाला सुमारे 2.5 मेगापास्कल दाब निर्माण होतो. काहीशे अंशांत थर कायमचा आखडतो. थंड होताना तोच ताणला जाऊन तडकतो. टंगस्टन खोलीच्या तापमानाला ठिसूळ असतो आणि काहीशे अंशांवरच तन्य होतो. म्हणून नमुना आधीच तापवून घेतला की तडे कमी पडतात. साधारण 1,200° से. पलीकडे पुनःस्फटिकीभवन (धातूत नवे स्फटिककण वाढणे) सुरू होऊन कणांच्या सीमा दुबळ्या होतात. रेनियम मिसळल्याने ठिसूळपणा घटतो, पण उष्णता-संवाहकताही घटते. लेझर किंवा इलेक्ट्रॉन शलाका वापरून केलेल्या पर्यायी चाचण्यांत ऊर्जेच्या शोषणाची खोलीच बदलते, केवळ चौ. सेंमी.मागील ज्यूल जुळवून केलेली तुलना त्यामुळे फसवी ठरते.

मोजमाप : नमुन्याची वजनघट, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसणारे तडे नोंदवतात. स्पंदाची ऊर्जा उष्णतामापीने मोजतात.

नाशिक परिसर : येथे विषयाचा संबंध येतो तो नमुन्याच्या तयारीपाशी. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील टूलरूममध्ये टंगस्टन बहुधा कार्बाइडच्या इन्सर्टच्या (कापणाऱ्या हत्याराच्या बदलत्या टोकाच्या) किंवा टिग वेल्डिंगच्या कांडीच्या रूपात हाताळला जातो. कार्बाइड म्हणजे टंगस्टन व कार्बन यांचे, कोबाल्टने बांधलेले संयुग. लाल टोकाच्या टिग कांडीत थोरियम ऑक्साइड असते. शुद्ध टंगस्टनच्या कसोटीला हे दोन्ही नमुने म्हणून निरुपयोगी. शुद्ध टंगस्टनचा तुकडा वायरकटवर (तारेतून विद्युत् ठिणग्या पाडून धातू कापणाऱ्या यंत्रावर) कापला, तर ठिणग्यांनी वितळून पुन्हा गोठलेला आणि तडकलेला पातळ थर कडेला राहतो. तो घासून व विद्युत्-पॉलिश करून काढल्याशिवाय पुढे दिसणारे तडे क्ष-किरणांचे की यंत्राचे हे सांगता येत नाही. शहरातील सीटी स्कॅन केंद्रांतून उतरलेल्या नळ्यांचे टंगस्टन-रेनियम धनाग्र तड्यांच्या अभ्यासाला सोयीचे असतात, पण त्यांचा इतिहास इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याचा आहे हे ध्यानात ठेवावे लागते. लासलगावच्या कांदा विकिरण केंद्राचा उल्लेख या संदर्भात कधी कधी होतो. तेथे कोबाल्ट-60 चे अखंड गॅमा किरण वापरतात. त्यांत स्पंद नाही आणि तापमानवाढही नगण्य, तेव्हा ते केंद्र या नोंदीच्या कक्षेबाहेरचे होय. भारतात तीव्र स्पंदित क्ष-किरणांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘काली’ मालिकेतील इलेक्ट्रॉन त्वरके ज्ञात आहेत. संलयन भट्टीसाठी टंगस्टनवरील काम गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालते. तेथे भर प्लाझ्मा व स्थिर उष्णताभारावर अधिक आहे.