आत्मकरुणा आणि स्व-ओळख : ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयीन विद्यार्थी

अपयश, चूक किंवा अपमान वाट्याला आल्यावर स्वतःला घालूनपाडून न बोलता, जिवलग माणसाला सावरावे तसे स्वतःला सावरण्याची वृत्ती म्हणजे आत्मकरुणा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये या संकल्पनेची मांडणी केली आणि ती मोजण्यासाठी 26 विधानांची मापनश्रेणी तयार केली. त्यांच्या मते तिची अंगे तीन : स्वतःशी मायेने वागणे, आपले दुःख आपल्या एकट्याचे नाही ही जाणीव, आणि वेदना न दडपता, पण तिच्यात वाहूनही न जाता, तिच्याकडे पाहण्याची सजगता. स्वाभिमान ही वेगळी गोष्ट. तो बराचसा यशावर आणि तुलनेवर पोसतो, म्हणून निकालाच्या दिवशी नेमका तोच कोसळतो.

आपण कोण, हा प्रश्न याच वयात टोकदार होतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी तो तारुण्याच्या उंबरठ्यावरचा मध्यवर्ती पेच मानला. त्यांच्याच वाटेने जाणाऱ्या जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये स्व-ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. त्यांपैकी दोन विदर्भातल्या खेड्यांना विशेष लागू पडतात. पहिली, स्वतः शोध न घेता स्वीकारलेली ओळख. कपाशी-सोयाबीनच्या कोरडवाहू घरात ‘पोरगं नोकरीवर लागलं पाहिजे’ हे पोराने अकरावीत पाऊल टाकण्याआधीच ठरलेले असते. दुसरी, शोधाची लांबलेली सवड. बी. ए. झाल्यावर अमरावतीच्या, यवतमाळच्या किंवा तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी असे एकेक फॉर्म भरण्याची वर्षे ती हीच. एरिक्सन यांच्या मांडणीत ही सवड समाज देतो. इथे ती पुष्कळदा बापाच्या कर्जावर मिळते.

खरी अडचण इथे आहे. रूमचे भाडे आणि मेसचे पैसे सोयाबीनच्या भावावर अवलंबून असतील, तर एटीकेटी लागणे हे केवळ एका विषयातले अपयश राहत नाही. ‘आता घरी कोण्या तोंडानं जाऊ’ हे वाक्य त्यातून येते. अशा मुलाला स्वतःला दोष देणे ही घराशी राखलेली इमानदारी वाटते आणि स्वतःवर माया करणे म्हणजे माय-बापाच्या कष्टांशी बेइमानी. म्हणून ‘स्वतःवर प्रेम करा’ असा शहरी थाटाचा सल्ला इथे टिकत नाही. स्वतःला फैलावर घेतल्याशिवाय माणूस सुधारत नाही, हा समज मात्र तपासण्याजोगा आहे. ज्युलियाना ब्रीनेस आणि सेरेना चेन यांच्या 2012 च्या प्रयोगात, अवघड चाचणीत अपयश अनुभवलेल्या ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे करुणेने पाहायला सुचवले, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला.

या भागात आत्मकरुणेच्या दुसऱ्या अंगाची, म्हणजे आपले दुःख आपल्या एकट्याचे नाही या जाणिवेची, गरज सर्वांत मोठी दिसते. शेतीचे संकट गावभर असते, पण नापास झाल्याची लाज प्रत्येक जण एकटाच गिळतो. मुलींच्या बाबतीत पदवीचे शेवटचे वर्ष आणि स्थळ पाहणे एकाच वेळी सुरू होते. मेळघाटातला कोरकू किंवा गडचिरोलीतला गोंड विद्यार्थी शहरात आला की भाषेपासून नावापर्यंत सगळ्याचे स्पष्टीकरण देत बसतो; वऱ्हाडी बोलणाऱ्यालाही वर्गातले हसू चुकत नाही. जातीवरून किंवा शिष्यवृत्तीवरून टोमणे मारले जात असतील, तर दुरुस्ती टोमणे मारणाऱ्यांची व संस्थेची व्हायला हवी. तिथे आत्मकरुणा फार तर तो अपमान स्वतःच्या किमतीचा पुरावा मानू नये, एवढेच शिकवू शकते. तेही थोडे नाही.

नेफ यांची मांडणी बौद्ध साधनेच्या परंपरेतून आलेली आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर मैत्री आणि करुणा ही मूल्ये विदर्भातल्या असंख्य वस्त्यांच्या विहारांत पोहोचली. त्यामुळे इथल्या समुपदेशकाला सगळेच परदेशातून आणावे लागत नाही.

आत्मकरुणा जास्त असलेल्यांत नैराश्य आणि चिंता कमी आढळते, असे अँगस मॅकबेथ आणि अँड्र्यू गमली यांच्या 2012 च्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले. पण हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. झोप-जेवण उडाले असेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर उपचारच लागतात. त्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक असून त्यावर मराठीतही बोलता येते. एका खोलीत तिघे-चौघे राहणाऱ्यांना मोकळे बोलायला जागा शोधावी लागते, ही गोष्ट वेगळी. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. तालुक्याचे महाविद्यालयही त्या अटीत बसते.