उद्योगस्थान-निर्धारण, उदयोन्मुख अर्थव्यवस्थांतील

नवा कारखाना काढण्यासाठी एखादी उदयोन्मुख अर्थव्यवस्था कितपत योग्य आहे, याची उत्पादनखर्च, बाजारपेठ, पायाभूत सोयी व जोखीम यांच्या आधारे केलेली पारख. ‘उदयोन्मुख बाजारपेठ’ ही संज्ञा आंत्वान व्हान आख्तमाल यांनी १९८१ च्या सुमारास रूढ केली, असे सामान्यतः मानतात. तिचा मूळ संदर्भ रोखेबाजाराचा होता, कारखानदारीचा नव्हे. त्यामुळे या वर्गात कोणते देश मोडतात, याविषयी संस्थांमध्ये एकवाक्यता नाही.

स्थाननिर्धारणाच्या उपपत्तीचे जनकत्व बहुधा आल्फ्रेड वेबर (१९०९) यांना दिले जाते. तथापि कच्च्या मालाची दोन उगमस्थाने व बाजारपेठ असे तीन बिंदू धरून किमान वाहतूकखर्चाची जागा काढण्याची त्रिकोणी रीत व्हिल्हेल्म लाउनहार्ट यांनी १८८२ मध्येच मांडली होती. भूमितीचे श्रेय लाउनहार्ट यांना आणि मजुरी व उद्योगसमूहन (उद्योगांचे एका ठिकाणी एकत्र येणे) यांना सामावून घेणाऱ्या व्यापक उपपत्तीचे वेबर यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. वेबर यांचा द्रव्यनिर्देशांक म्हणजे ठरावीक ठिकाणीच मिळणाऱ्या कच्च्या मालाचे वजन भागिले पक्क्या मालाचे वजन. एक टन साखरेस सुमारे दहा टन ऊस लागतो, म्हणून कारखाना उसाकडे ओढला जातो. पाण्यासारखे सर्वत्र उपलब्ध द्रव्य या हिशेबात धरत नाहीत. शीतपेयांचे कारखाने बाजारपेठेजवळ असण्याचे कारण हेच.

परदेशातील कंपनीला उत्पादनाचा परवाना न देता तेथे स्वतःचाच कारखाना का काढावा, याचे उत्तर या उपपत्तीत नाही. त्यासाठी जॉन डनिंग यांनी मालकी, स्थान व अंतर्गतीकरण (व्यवहार कंपनीच्या आतच ठेवणे) या तीन लाभांची चौकट १९७६ च्या स्टॉकहोम परिसंवादात मांडली; ती १९७७ मध्ये छापली गेल्याने काही जण तेच वर्ष देतात.

व्यवहारात स्वस्त मजुरीला अवाजवी महत्त्व मिळते. मजुरी मायदेशातील मजुरीच्या एकतृतीयांश, पण दर कामगारामागील उत्पादन तेथील एकचतुर्थांश असेल, तर नगामागील श्रमखर्च उलट एकतृतीयांशाने वाढतो. वाहतुकीतही सरासरी वेळेपेक्षा तिची अनिश्चितता महाग पडते. माल कधी पाच, तर कधी पंचवीस दिवसांनी पोहोचत असेल, तर साठा पंचवीस दिवसांच्या हिशेबाने ठेवावा लागतो.

व्यवसायसुलभतेविषयीचे जागतिक बँकेचे अहवाल २००३ पासून निघत व त्यांतील क्रमवारी प्रमाण मानली जाई. २०१८ व २०२० च्या अहवालांतील आकडेवारीत गैरप्रकार आढळल्यावर २०२१ मध्ये ती बंद झाली. एका आकड्यात देश मोजण्याच्या पद्धतीवरील जुन्या आक्षेपांना त्यामुळे बळ मिळाले.

करसवलतींचे आकर्षणही ओसरते आहे. ७५ कोटी युरो वा अधिक उलाढालीच्या बहुराष्ट्रीय समूहांसाठी १५ टक्के किमान कराचे तत्त्व २०२१ मध्ये बहुसंख्य देशांनी मान्य केले. एका देशाने सोडलेला कर दुसरा देश वसूल करू शकतो.

राष्ट्रीयीकरण, युद्ध व परकीय चलन बाहेर नेण्यावरील निर्बंध यांविरुद्ध बहुपक्षीय गुंतवणूक हमी संस्था (स्थापना १९८८) विमा देते. चलनाचे अवमूल्यन मात्र त्यात येत नाही.