ट्रकचालक आणि चालू गाडीतला मोबाइल

मालवाहू ट्रक चालवताना फोनवर बोलणे, नंबर लावणे, मेसेज वाचणे किंवा लिहिणे, व्हिडिओ पाहणे, गाणे बदलणे अशा कारणांनी चालकाचे रस्त्यावरचे लक्ष उडते, त्याला वाहतूक सुरक्षेच्या अभ्यासात ‘विचलित वाहनचालन’ म्हणतात. तंबाखू मळणे, खाणेपिणे, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकणे हीही विचलनेच. मोबाइलचे वेगळेपण असे की तो नजर, हात आणि मन ही तिन्ही एकाच वेळी गुंतवतो. शिवाय तो वाजतो, आणि ड्रायव्हरच्या धंद्यात वाजलेला फोन न उचलणे सोपे नसते.

लांब पल्ल्याच्या गाडीच्या केबिनमध्ये काचेजवळच्या स्टँडवर एक फोन असतो, त्यावर नकाशा चालू. बहुतेकदा दुसरा शर्टाच्या खिशात. ट्रान्सपोर्टवाला विचारतो, ‘गाडी कुठं पोचली?’ माल उतरवून घेणाऱ्या गोदामातून विचारणा होते, ‘किती वाजेपर्यंत येताय?’ दलाल परतीच्या भाड्याचे बोलतो. रात्री घरचा फोन येतो, आणि कित्येक दिवस घराबाहेर असलेल्या माणसाला तो टाळवत नाही. मालासोबत न्यायच्या ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, त्यामुळे विचारणाऱ्यांनाही घाई असते. पूर्वी शेजारी क्लीनर असे. डावीकडची बाजू बघणे, गाडी मागे घेताना उतरून हात दाखवणे ही त्याची कामे, आणि तोच फोनही घेऊ शकत असे. आता अनेक गाड्या एकट्या ड्रायव्हरवर चालतात. नॅशनल परमिटच्या, म्हणजे राज्याराज्यांत फिरायची परवानगी असलेल्या, गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवण्याची सक्तीही २०१८ मध्ये उठली.

भरलेला ट्रक कारसारखा जागच्या जागी थांबत नाही. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यावर हवेचा दाब चाकांपर्यंत पोहोचायला क्षणभर लागतो, आणि त्यानंतर तेवढे वजन आवरायचे असते. या विषयावरचा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक वाहतूक संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. २०३ व्यावसायिक चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या सुमारे ३० लाख मैलांच्या प्रवासाची नोंद त्यात तपासली गेली. मेसेज लिहिणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक तेवढ्या वेळात १०२ मीटर पुढे जातो. मेसेज करताना धोका २३ पटींनी वाढतो, नंबर लावताना सुमारे ६ पटींनी, असेही त्यात आढळले. हा २३चा आकडा बातम्यांत ‘अपघाताची शक्यता’ म्हणून छापला जातो, ते बरोबर नाही. अभ्यासात प्रत्यक्ष धडकांबरोबर थोडक्यात टळलेले प्रसंग आणि नकळत लेन सुटण्याचे प्रसंगही मोजले होते.

२६ मार्च २०१० रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मनफर्डव्हिलजवळ पहाटे एक ट्रक दुभाजकातली तारांची अडवण तोडून समोरून येणाऱ्या व्हॅनवर गेला. व्हॅनमधल्या १२ जणांपैकी १० आणि ट्रकचालक स्वतः, असे ११ जण गेले. वाचली ती दोन लहान मुले. अपघाताआधीच्या २४ तासांत चालकाने गाडी चालवताना कॉल आणि मेसेज मिळून ६९ वेळा फोन वापरल्याचे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघाले. व्यावसायिक चालकांना हँड्सफ्रीसकट (म्हणजे फोन हातात न धरता बोलण्यासकट) फोनबंदी करावी, अशी शिफारस मंडळाने २०११ मध्ये केली. सरकारने ती अर्धीच मानली. मेसेजवर २०१० मध्येच बंदी आली होती; ३ जानेवारी २०१२ पासून हातात फोन धरून बोलण्यावरही आली, हँड्सफ्री मात्र चालू राहिले. सीटबेल्ट लावून बसलेल्या जागेवरून हात पोहोचेल असा फोन असावा आणि एकाच बटणाने तो घेता यावा, अशी अट घातली गेली.

या नियमाचा खरा कणा मात्र दंडाच्या कलमात आहे. चालकाला २,७५० डॉलरपर्यंत, तर फोन वापरू देणाऱ्या किंवा वापरायला लावणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत दंड ठरवला गेला. चौपट रक्कम कंपनीवर ठेवताना, फोन पलीकडून कोण करतो याचा विचार कायद्याने केला. नुसत्या सहीने काय साधते हे २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये दिसले. ए३४ महामार्गावर फोनवर गाणी शोधत असलेल्या एका ट्रकचालकाने पुढे संथ झालेल्या गाड्यांवर ट्रक घातला आणि एक आई व तीन मुले ठार झाली. गाडी चालवताना फोन वापरणार नाही, असे लिहून देऊन त्याला जेमतेम तास झाला होता. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

भारतात हातात धरलेला फोन वापरणे २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली ‘धोकादायक वाहनचालन’ ठरते. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दंड १०,००० रुपये. १ ऑक्टोबर २०२० पासून केवळ रस्ता पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, फोन वापरायला मुभा आहे. वेगमर्यादेच्या कलम १८३ मध्ये हाताखालच्या चालकाला वेगाने गाडी हाकायला लावणाराही दोषी धरलेला आहे. कलम १८४ चा रोख चालवणाऱ्यावर. कलम १८८ ने गुन्ह्याला प्रोत्साहन देणारा शिक्षेला पात्र होतो, पण ते सिद्ध करावे लागते. एकाच कायद्यातली ही तफावत दूर व्हायला हवी.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ लोक रस्ते अपघातांत मरण पावले. त्यांपैकी सुमारे २ टक्के मृत्यू मोबाइलच्या वापरामुळे, तर ७० टक्क्यांहून अधिक अतिवेगामुळे नोंदले आहेत. हे २ टक्के कमीच धरावेत. अपघातानंतर फोन हातात होता हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि कॉलची नोंद मागवून वेळ ताडून पाहिली नाही तर कागदावर ‘अतिवेग’ किंवा ‘निष्काळजीपणा’ एवढेच उरते.

हँड्सफ्रीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. बोलण्यात गुंतलेल्या माणसाचे डोळे समोर असूनही त्याला समोरचे नीट उमगत नाही, हे प्रयोगांत दिसले आहे. उलट व्हर्जिनियाच्या अभ्यासात हँड्सफ्रीवर बोलणाऱ्या ट्रकचालकांचा धोका वाढलेला आढळला नाही, कमीच आढळला. एकसुरी रस्त्यावर बोलण्याने जाग राहत असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. रात्री दोन-तीनच्या सुमारास गाडी हाकणाऱ्याला ते पटेल. पण घाटाच्या उतारावर, पुढे ट्रकांची रांग असताना भाड्याची घासाघीस चालू असेल, तर त्या बोलण्याला जाग राहणे म्हणता येत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा चालू आहे आणि फोन हातात दिसला की ई-चलान निघते. ते गाडीच्या नंबरावर, म्हणजे मालकाच्या नावाने येते. चालक त्या वेळी कोणाशी फोनवर बोलत होता, हा प्रश्न चलानात नसतो.